काळ्या गाडीवरची गोल जाळी

काळ्या रंगाची नवी मोटार किंवा मोटारसायकल पहिले काही महिने आरशासारखी चकचकीत दिसते. मग एके दिवशी ऊन डोक्यावर असताना बॉनेटवर किंवा पेट्रोलच्या टाकीवर सहज नजर जाते आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळेच वर्तुळे दिसतात. जणू सूर्याला मध्यभागी ठेवून एखाद्या कोळ्याने जाळे विणले आहे! गाडी कुठे घासलेली नसते. उलट तिचा मालक ती रोज सकाळी न चुकता पुसत असतो. शेजारी तितक्याच वर्षांची पांढरी गाडी उभी असते. तिच्यावर मात्र असले काही दिसत नाही. 'काळा रंगच नाजूक' असे म्हणून आपण विषय संपवतो.

पण विषय तेथे संपत नाही, सुरू होतो. ओरखडे गोलच का दिसतात? काळ्यावरच का दिसतात? आणि जपून वापरलेल्या गाडीवर ते पडतात तरी कशाने? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रकाशाचे परावर्तन, पदार्थांचे काठिण्य आणि दाब या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तीन पाठांत आहेत. ती नीट समजली की गाडी कशी धुवावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर्तुळे खरी आहेत का?

यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. बरीच वर्षे घासली गेलेली, सपाट बुडाची स्टीलची थाळी घ्या. खोलीत एकच दिवा लावा आणि थाळीत त्याचे प्रतिबिंब पाहा. थाळीला घडणीच्या काही गोल रेघा मुळातच असतात. त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून प्रतिबिंब थाळीच्या मध्यावर न घेता एका बाजूला घ्या. प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतील. आता थाळी न हलवता आपले डोके थोडे डावीकडे न्या. प्रतिबिंब सरकेल आणि त्याबरोबर सगळी वर्तुळेही सरकतील!

थाळीवरचे ओरखडे काही चालू शकत नाहीत. म्हणजे थाळीवर त्या जागी गोल ओरखडे नाहीतच. तेथे सर्व दिशांना जाणारे असंख्य लहान ओरखडे आहेत. त्यांतले ठराविक दिशेचेच तेवढे चमकतात आणि कोणते चमकणार हे दिवा व डोळा यांच्या जागांवर ठरते.

असे का होते ते पाहू. ओरखडा म्हणजे एक अतिशय अरुंद पन्हळ. पन्हळीच्या दोन्ही भिंती बाजूंना कललेल्या असतात, लांबीच्या दिशेने मात्र त्यांना उतार नसतो. प्रत्येक भिंत म्हणजे एक चिमुकला आरसा मानला, तर हा आरसा प्रकाशाला फक्त आडव्या बाजूला वळवू शकतो. आता प्रतिबिंबापासून वीतभर अंतरावरचा एक बिंदू घ्या. तेथे सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश आपल्या डोळ्याकडे न येता दुसरीकडे जातो. तो डोळ्याकडे वळवायचा तर तेथला आरसा प्रतिबिंबाच्या दिशेने किंवा त्याच्या विरुद्ध दिशेने थोडा कललेला हवा. असा कल कोणत्या ओरखड्याच्या भिंतीला असेल? तो बिंदू आणि प्रतिबिंब यांना जोडणाऱ्या रेषेला जो ओरखडा आडवा छेदतो, त्याच्याच. त्या रेषेला समांतर असलेल्या ओरखड्याचा प्रकाश भलतीकडे जातो आणि तो आपल्याला दिसतच नाही. प्रतिबिंबाच्या चारही बाजूंना हीच स्थिती असते. सगळीकडचे आडवे तुकडे तेवढे उजळतात आणि त्यांची मिळून वर्तुळे झाल्यासारखी वाटतात. ओरखडे पुसताना हात गोल फिरवल्याने पडोत की सरळ फिरवल्याने पडोत, सर्व दिशांना पुरेसे पडलेले असले की जाळे गोलच दिसते.

तळ्यावर चंद्राच्या प्रकाशाचा लांब पट्टा दिसतो, तोही याच न्यायाने. लाटा सगळ्या तळ्यावर असतात, पण योग्य कल असलेल्या लाटाच चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचवतात.

या विवेचनातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. एका वेळी दिसतात ते ओरखडे एकूण ओरखड्यांचा लहानसा भाग असतात. शिवाय ते दिसायला एकच लहान, तेजस्वी दिवा लागतो. ढगाळ हवेत, सावलीत किंवा अनेक ट्यूबलाइटच्या उजेडात प्रकाश सर्व बाजूंनी येतो आणि जाळे हरवते. जुनी काळी गाडी विकत घेणाऱ्याने ती सावलीत पाहून समाधान मानू नये, विजेरी घेऊन जावे. सूर्याच्या प्रतिबिंबाकडे टक लावून पाहणे डोळ्यांना अपायकारक आहे, हेही विद्यार्थ्यांना बजावून सांगावे.

पांढऱ्यावर ओरखडे नसतात?

दुसऱ्या प्रयोगाला सीडीची जुनी पारदर्शक डबी किंवा वापरून ओरखडलेली प्लॅस्टिकची पट्टी पुरते. ती पांढऱ्या कागदावर ठेवा आणि एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाका. नंतर तीच पट्टी काळ्या कागदावर ठेवून पाहा. पांढऱ्या कागदावर जवळजवळ स्वच्छ दिसणारी पट्टी काळ्या कागदावर ओरखड्यांनी भरलेली दिसते. पट्टी तीच, ओरखडे तेच. बदलली ती फक्त पार्श्वभूमी.

आजच्या बहुतेक मोटारींचा रंग याच पट्टीसारखा असतो. पत्र्यावर अस्तराचे थर, त्यांवर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप असतो. ओरखडे पडतात ते या पारदर्शक लेपावर. लेप काळ्या गाडीवर वेगळा आणि पांढऱ्या गाडीवर वेगळा असे सहसा नसते. लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून, प्रकाश सरळ पडला तर, शेकडा सुमारे ४ भाग परावर्तित होतो. बाकीचा आत शिरून रंगाच्या थरापर्यंत पोचतो. रंग पांढरा असेल तर त्यातला बहुतेक सर्व दिशांना विखुरला जाऊन परत बाहेर येतो. काळा असेल तर तो जवळजवळ सगळा शोषला जातो.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. समजा, गाडीच्या एका ठिपक्यावर प्रकाशाचे १००० भाग पडले. पांढरा रंग त्यांतले ८०० परत पाठवतो, काळा १० पाठवतो आणि त्या ठिपक्यातला ओरखडा आणखी १० भागांची भर घालतो. पांढऱ्या गाडीवर ओरखड्याची जागा ८१० आणि शेजारची ८०० अशी उजळ दिसेल. फरक शेकडा सव्वाचा. इतका थोडा फरक डोळ्याला सहसा कळत नाही. काळ्या गाडीवर हाच हिशोब २० आणि १० असा होतो, म्हणजे ओरखडा शेजारच्या जागेच्या दुप्पट उजळ दिसतो. दिवसा आकाशात तारे असतातच, फक्त उजळ आकाशापुढे दिसत नाहीत. पांढऱ्या गाडीवरचे ओरखडे दिवसाच्या ताऱ्यांसारखे असतात.

तेव्हा काळा रंग नाजूक नाही, तो चुगलखोर आहे एवढेच. पांढऱ्या गाडीच्या मालकाने 'आपल्याकडे असे काही नाही' असे समजण्याचे कारण नाही.

ओरखडा काढतो कोण?

पारदर्शक लेपाची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केसही बहुधा याहून जाड असतो. हा लेप प्लॅस्टिकच्या जातीचा असतो. त्यामुळे काठिण्याच्या बाबतीत तो काच किंवा दगड यांच्या जवळपासही नसतो.

१८१२ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी खनिजांची काठिण्यश्रेणी मांडली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि सर्वांत कठीण हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. ज्याचा क्रमांक मोठा, तो लहान क्रमांकाच्या पदार्थावर ओरखडा काढतो. आपले नख सुमारे अडीच, खिडकीची काच सुमारे साडेपाच आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, ७. नदीच्या वाळूत आणि बांधकामाच्या धुळीत गारगोटीचे कण मुबलक असतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची धूळ घेतली तरी त्यातल्या मुख्य खनिजांचे काठिण्य ५ ते ६च्या घरात असते. म्हणजे गाडीवर बसणाऱ्या धुळीतले बरेचसे कण लेपापेक्षा कठीणच असणार.

पण कठीण कण नुसता बसून ओरखडा काढत नाही. त्याला दाबावे लागते आणि ओढावे लागते. ही दोन्ही कामे कोरडे फडके करते. फडक्याखाली सापडलेल्या एका कणावर फक्त १ ग्रॅम वजनाइतका जोर आला असे धरा. कणाचे टोक १० मायक्रॉन लांब व १० मायक्रॉन रुंद एवढ्या जागेवर टेकले आहे. हे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग होते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तेव्हा येथे दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला १० लाख ग्रॅम, म्हणजे १००० किलोग्रॅम. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट! एवढ्या दाबाखाली प्लॅस्टिकजातीचा पदार्थ दबू लागतो आणि कण पुढे ओढला गेला की मागे पन्हळ उरते. हात हलका होता, फडके मऊ होते, या सबबी येथे चालत नाहीत. ओरखडा फडके काढत नाही, फडक्यात अडकलेला कण काढतो.

याची उलट बाजू स्वयंपाकघरात दिसते. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा दिवसातून दहा वेळा पुसला जातो, तरी वर्षानुवर्षे चकचकीत राहतो. ग्रॅनाइटमधली खनिजे धुळीइतकीच कठीण असतात, म्हणून त्याच्यावर धुळीची मात्रा चालत नाही. चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या भिंगांचे मात्र गाडीसारखेच होते. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडी पुसलेली भिंगे काही महिन्यांत धूसर होतात.

कोरड्या पुसण्याचा आणखी एक तोटा आहे. कंगवा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलतो, हे आपण वर्गात दाखवतो. कोरड्या हवेत लेपावर कोरडे फडके घासले की तसाच स्थिर विद्युतभार निर्माण होऊ शकतो आणि उडवलेली धूळ पुन्हा गाडीकडेच ओढली जाते.

सारांश असा, की धूळ बसल्याने रंग खराब होत नाही. ती जागची हलवण्याच्या पद्धतीने होतो. रोज सकाळी हौसेने कोरडे फडके मारणारा मालक वर्षातून तीनशेहून अधिक वेळा गाडीवर बारीक पॉलिशकागद फिरवत असतो.

पाण्याने मग काय बदलते?

पाण्याचे पहिले काम कण वाहून नेण्याचे. कोणताही स्पर्श न होता जेवढी धूळ निघून जाईल, तेवढे ओरखडे टळले. साबणाच्या पाण्याचे काम दुहेरी आहे. साबणाचे रेणू तेलकट मळाला सोडवतात आणि उरलेले कण व लेप यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करून घर्षण कमी करतात.

हे लक्षात घेतले की गाडी धुण्याची पद्धत आपोआप ठरते.

१. गाडी सावलीत आणि गार असताना धुवावी. काळा रंग ऊन जास्त शोषतो, पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्यावर साबणाचे पाणी पुसण्याआधीच वाळून डाग पडतात.

२. आधी नुसते पाणी वरून खाली सोडावे. चाकांजवळचा व दारांच्या खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा, कारण खडीचे कण तेथेच जास्त असतात.

३. बादल्या दोन असाव्यात: एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत साधे. फडके गाडीवर एकदा फिरले की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि मगच साबणाच्या पाण्यात बुडवावे. कण जड असल्याने साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसतात. एकच बादली वापरली तर काढलेली धूळ आपण पुन्हा गाडीवर नेतो. पाणी संपल्यावर दोन्ही बादल्यांचा तळ विद्यार्थ्यांना दाखवावा. वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

४. फडके गुंतागुंतीच्या धाग्यांचे, लव असलेले घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या मायक्रोफायबर कापडाचे धागे पॉलिएस्टर व नायलॉनच्या जातीचे आणि अतिशय बारीक असतात. कण त्यांच्यामधल्या पोकळीत शिरतो व लेपावर कमी दाबला जातो. पण जमिनीवर पडलेले फडके, कितीही महाग असले तरी, धुतल्याशिवाय वापरू नये.

५. हात सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा. सरळ फिरवल्याने ओरखडे पडत नाहीत असे नाही, पण पडलेच तर एका दिशेचे असतात आणि थोड्याच कोनांतून दिसतात.

६. शेवटी पाणी टिपून घ्यावे, वाळू देऊ नये. आपल्याकडे विहिरीचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार गोल पांढऱ्या डागाच्या रूपात मागे राहतात आणि काळ्यावर तेही उठून दिसतात.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र धुण्याच्या दिवसाची वाट पाहायला लावू नये. तापलेल्या काळ्या पत्र्यावर ती लवकर लेपात खोल डाग पाडते. ओले फडके तिच्यावर काही मिनिटे नुसते ठेवावे आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावे.

आणि पाणीच नसेल तर? मराठवाड्यासारख्या भागात उन्हाळ्यात गाडीसाठी पाइप लावणे शोभणारे नाही. तेव्हा उत्तर सरळ आहे: धूळ राहू द्यावी. काचा आणि दिवे सुरक्षिततेसाठी ओल्या फडक्याने स्वच्छ ठेवावेत, बाकी गाडी आठवडाभर धुळकट राहिली तरी रंगाचे काही बिघडत नाही. दुर्बिणीचे आरसे सांभाळणारेही हेच करतात. आरशावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतकाच जाड असतो, म्हणून थोडी धूळ ते तशीच सोडून देतात. फारच साठली तर आधी पाण्याने भिजवून वाहू देतात आणि मग ओला कापूस केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढतात.

धुळकट गाडीवर आच्छादन घालणे हाही छुपा शत्रू आहे. वाऱ्याने कापड फडफडत राहते आणि खालची धूळ रात्रभर घासली जाते. दसऱ्याला वाहनाची पूजा करून घातलेला झेंडूचा हारही गाडी चालताना असाच घासतो. पूजा झाली की प्रवासापूर्वी तो उतरवून ठेवावा.

एक दिवसाची चमक

गाडी ओली असताना ओरखडे गायब होतात, हे अनेकांनी पाहिले असेल. याचाही प्रयोग करता येतो. काळ्या कागदावरच्या त्या ओरखडलेल्या पट्टीवर खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. तेथले ओरखडे नाहीसे होतील. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक १.५च्या आसपास असतो आणि खोबरेल तेलाचा सुमारे १.४५. पन्हळ तेलाने भरली की प्रकाशाला प्लॅस्टिक आणि तेल यांत फारसा फरक वाटत नाही, म्हणून तो त्यांच्या सीमेवर वळत नाही. तेल साबणाने काढा, ओरखडे परत येतील.

रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने आणलेली चमक याच प्रकारची असते. शिवाय मागे राहिलेल्या तेलकट थराला धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच घासली जाते. मेणाच्या पॉलिशनेही काही ओरखडे भरून निघतात. मेणाचा थर निसरडा असल्याने त्याचा थोडा उपयोग आहे, पण तो झिजतो.

ओरखडा खरोखर नाहीसा करायचा तर एकच मार्ग आहे: त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेपच घासून खाली आणायचा. रबिंग पॉलिश किंवा बफिंग म्हणजे हेच. समजा, एका वेळी २ मायक्रॉन लेप गेला. पाच वेळा बफिंग केले की १० मायक्रॉन, म्हणजे ४० मायक्रॉनच्या लेपाचा चौथा हिस्सा संपला. हाच लेप खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो आणि तो पुन्हा वाढत नाही. दर दिवाळीला बफिंग करणारा मालक चमक विकत घेतो आणि संरक्षण विकतो. काही गाड्यांवर, विशेषतः जुन्या, पारदर्शक लेप नसतोच. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पॉलिश लावून पाहावे. फडके काळे झाले तर रंगच निघतो आहे असे समजावे.

अलीकडे सिरॅमिक लेपांच्या जाहिरातींत '९ एच काठिण्य' असे शब्द असतात. हा ९ मोस यांच्या श्रेणीतला नव्हे. रंगाची कठीणता मोजण्यासाठी वेगवेगळ्या पेन्सिली लेपावर ठराविक पद्धतीने ओढतात. मऊ ६ बी पासून सुरुवात करून कठीण पेन्सिलींकडे जातात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते पाहतात. ९ एच ही या मालिकेतली फार कठीण पेन्सिल, पण शेवटी ती पेन्सिलच! मोस श्रेणीतला ९ म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते कुरुविंद. पेन्सिलीला दाद न देणारा लेप गारगोटीलाही दाद देणार नाही, असे मुळीच म्हणता येत नाही. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून रंगवलेल्या टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर ही पेन्सिल-चाचणी करून घेता येईल. शिक्षकांच्या गाडीवर मात्र नको.

स्वच्छता म्हणजे घासणे, अशी आपली समजूत असते. तांब्याच्या भांड्यांना ती लागू पडते, कारण तेथे वरचा थर जाणे हेच आपल्याला हवे असते. गाडीचा रंग, चष्म्याची भिंगे आणि दुर्बिणीचा आरसा यांचे सारे मूल्य त्या पातळ वरच्या थरातच असते. तेथे काय काढायचे याच्याइतकेच काय राहू द्यायचे, हेही महत्त्वाचे असते. पांढऱ्या गाडीवर ही चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. काळी गाडी ती पहिल्याच उन्हात दाखवून देते.